पाहुण्याची वही आणि यजमानाचें मौन

वाङ्मयाचे कांहीं प्रकार असे असतात, कीं ते जन्माला येतात तेव्हां त्यांना कोणी वाङ्मय म्हणत नाहीं. पत्रें, रोजनिशा, प्रवासांतील टिपणें हीं प्रथम घरच्या माणसांसाठीं लिहिलीं जातात. पुढें त्यांची संख्या वाढते, त्यांना एक ठराविक घाट येतो, आणि मग टीकाकाराला त्यांची दखल घेणें भाग पडतें. गेल्या कांहीं वर्षांत असाच एक प्रकार बळावला आहे. परक्या देशांत चार-सहा आठवडे जावें, तेथील एखाद्या कुटुंबांत राहावें, गांवच्या शाळेंतील मुलांना विनावेतन शिकवावें आणि परत आल्यावर त्याचा वृत्तांत लिहावा, असा हा प्रकार आहे. पूर्वीं हे पाहुणे युरोप-अमेरिकेंतून इकडे येत. आतां आपल्याकडील सुशिक्षित तरुण-तरुणीही अशा प्रवासाला निघूं लागलीं आहेत, व साहजिकच आपली वही बरोबर नेऊं लागलीं आहेत. या लेखनाला आपण सोयीसाठीं ‘सेवाप्रवासाचा वृत्तांत’ असें म्हणूं.

हेतु चांगला असला म्हणजे लेखन चांगलें होतेंच असें नाहीं, ही गोष्ट भक्तिपर पद्यांच्या ढिगानें आपल्याला पूर्वींच शिकविली आहे. परंतु येथें प्रश्न केवळ लेखनगुणाचा नाहीं. अशा वृत्तांतांत ज्यांचें चित्र काढलें जातें, तीं माणसें बहुधा स्वतः लिहीत नाहींत, आणि पाहुण्यानें काय लिहिलें हें वाचण्याचा प्रसंगही त्यांच्यावर क्वचितच येतो. चित्र खोटें उतरलें तर तें दुरुस्त करणारा कोणी उरत नाहीं. कादंबरींतील पात्र खोटें वठलें तर एक कादंबरी फसते. या वृत्तांतांतील मूल खोटें वठलें तर एका जिवंत मुलाविषयीं जगांत खोटा समज पसरतो. म्हणून या लेखनाला कोणती कसोटी लावावी, याचा विचार केला पाहिजे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. रत्नागिरीहून समुद्रकाठच्या रस्त्यानें गणपतीपुळ्याकडे निघालें म्हणजे वाटेंत आरे आणि वारे हीं जोडगांवें लागतात. डोंगराची एक सोंड समुद्रांत शिरली आहे. तिच्या या अंगाला एक पुळण, त्या अंगाला दुसरी, आणि काठानें सुरूचें बन. वरच्या वळणावर प्रवासी हटकून थांबतो, इतकें तें दृश्य मनोहर आहे. एखादा सेवाप्रवासी येथें येऊन राहिला अशी कल्पना करा. त्याचा वृत्तांत कसा होईल, हें तो लिहिण्यापूर्वींच सांगतां येतें. पहिल्या परिच्छेदांत समुद्र. दुसऱ्यांत मुलांचें हसूं. तिसऱ्यांत ‘यांच्यापाशीं कांहींही नाहीं, तरी हीं किती आनंदी आहेत’ हा विस्मय. चौथ्यांत यजमानीणबाईंनीं आग्रहानें वाढलेलें जेवण. आणि शेवटीं निरोपाच्या वेळचे अश्रु व ‘शिकवावयास गेलों आणि शिकून आलों’ हें समारोपाचें वाक्य. आतां या वृत्तांतांतून आरे-वारे हें नांव खोडून तेथें आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एखाद्या गांवाचें नांव घालून पाहा. एक ओळही बदलावी लागणार नाहीं. ही आमची पहिली कसोटी. जो वृत्तांत नांव बदलूनही तसाच उभा राहतो, त्याचा लेखक त्या गांवीं गेलाच नव्हता, असें खुशाल समजावें. त्याचें शरीर तेवढें गेलें होतें.

‘यांच्यापाशीं कांहींही नाहीं’ हें वाक्यच पारखून पाहूं. या किनाऱ्यावरच्या मुलाजवळ पहिली वस्तु असते ती त्याची भाषा. घरांत तो रत्नागिरी-संगमेश्वराकडची बोली बोलतो. शाळेंत त्याला पुस्तकी मराठी भेटते, आणि ती त्याला अर्धी परकीच असते. त्यावर पाहुणा येऊन इंग्रजी गाण्यांचा तिसरा थर चढवितो. या तीन भाषांच्या चढणीवर मूल कोठें दमतें, कोठें हुशारीनें उडी मारतें, हें ज्याला दिसलें त्याला लिहिण्याजोगें पुष्कळ सांपडेल. दुसरी वस्तु म्हणजे त्याचें वर्ष. तें शालेय वर्षाहून निराळें असतें: पावसाळ्यांत वर ओढून ठेवलेल्या होड्या, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा उघडणारा समुद्र, गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून येणारे चाकरमानी, आणि ते परत गेल्यावर अचानक मोठें वाटूं लागणारें घर. कोंकणांतील किती मुलांचा बाप वर्षांतून दोनदांच घरीं दिसतो! आलेल्याला निरोप देण्याची विद्या त्या मुलांना पाहुण्याच्या कितीतरी आधीं अवगत झालेली असते. पाहुणा ज्या अश्रूंना आपल्या लोकप्रियतेचा दाखला समजतो, त्यांचा उगम कदाचित् याहून जुना असेल. आणि याच रस्त्यानें पुढें, गणपतीपुळ्याच्या पलीकडे, मालगुंड आहे. १८६६ सालीं तेथें जन्मलेल्या केशवसुतांनीं मराठी कवितेचें वळण बदललें, आणि पोटासाठीं त्यांनीं केली ती शाळामास्तरकी. ज्या किनाऱ्याला पाहुणा शिकवावयास येतो, त्या किनाऱ्यानें शिक्षक कोठवर पुरविले आहेत, एवढें तरी त्यानें यजमानाला विचारावें.

परक्याच्या घरीं राहून विद्येचा व्यवहार करणें ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाहीं. वार लावून जेवणारा विद्यार्थी हा आपल्या मागील दोन-तीन पिढ्यांच्या आत्मचरित्रांत पदोपदीं भेटतो. सोमवारीं एका घरीं पान, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. कोठें प्रेमानें वाढलेलें, कोठें ताटावर आदळलेलें. हा मुलगा सात घरांचे स्वभाव पोटानें ओळखी. त्या व्यवस्थेंत जातिभेदाचा आणि अपमानाचा भाग मोठा होता, तिचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. परंतु लेखनाच्या दृष्टीनें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो विद्यार्थी आपण मिंधे आहों हें जाणून होता. आश्रित डोळा खालीं ठेवतो, पण त्याला दिसतें फार. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्यें, शिक्षणासाठीं आप्तांच्या घरीं राहणाऱ्या मुलाचें मन इतकें हळवें आणि सावध झालेलें दिसतें, याचें एक कारण हेंच होय. आजच्या सेवाप्रवाशाच्या मनांत ऋणाची दिशा उलटलेली असते. यजमानाच्या घरीं तो जेवतो, त्याच्या मोरीवर आंघोळ करतो, त्याच्या मुलांचा वेळ घेतो, आणि तरी देणारा मीच, असें त्याला वाटत असतें. ज्याला आपण देणारे वाटतों त्याची नजर स्वतःच्या हाताकडे असते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे नसते. या वृत्तांतांतील बहुतेक दोष या एका उलट्या हिशेबांतून निघाले आहेत.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर पंडिता रमाबाईंचें ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें १८८९ सालचें पुस्तक उघडावें. १८८३ सालीं रमाबाई इंग्लंडांत गेल्या, वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमांत राहिल्या, चेल्टनमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत त्यांनीं संस्कृत शिकविलें. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉड्ली यांचा त्यांना मोठा आधार मिळाला. म्हणजे परदेशांत जाऊन, दुसऱ्यांच्या आश्रयानें राहून, शिकविणारी आणि शिकणारी ही मराठी बाई आजच्या सेवाप्रवाशांची पूर्वजच म्हणावयाची. परंतु तिच्या वहींत किती फरक! अमेरिकेंतील लोकराज्य, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांची ती मोकळ्या मनानें स्तुति करते; आणि तेथील मूळच्या रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्याय, तेथील स्त्रियांची पोषाखाची वेडीं, यांवर तितक्याच मोकळेपणानें बोट ठेवते. उपकार घेतल्यानें तिची जीभ जड झाली नाहीं, आणि परदेशांतील वैभवानें तिचा डोळा दिपला नाहीं. शिवाय तिनें तेथून एक नेमकी वस्तु आणली. फ्रोबेलच्या बालोद्यानपद्धतीचा तिनें शिस्तीनें अभ्यास केला, आणि परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. ‘शिकून आलों’ हें वाक्य तिला लिहावें लागलें नाहीं. काय शिकली तें दिसत होतें.

रमाबाईंच्या पुस्तकांत उणीव नाहीं असें नव्हे. त्यांत संस्था दिसतात तशीं घरें दिसत नाहींत. अमेरिकेची लोकस्थिति कळते, पण ज्या टेबलाशीं बसून त्या जेवल्या तेथें बोलणें काय चालत असे, हें कळत नाहीं. ती उणीव आनंदीबाई जोशी यांच्या पत्रांनीं भरून काढली आहे. १८८३ सालीं अमेरिकेस पोहोंचल्यावर आनंदीबाई न्यूजर्सींतील रोझेल येथें कारपेंटरबाईंच्या कुटुंबांत राहिल्या. त्यांचें चरित्र काशीबाई कानिटकरांनीं रमाबाईंच्या पुस्तकाच्याच सुमारास लिहिलें, तें बरेंचसें त्यांच्या पत्रांच्या आधारें. आणि त्यांत एक शब्द पुनःपुन्हा लक्ष वेधून घेतो. आनंदीबाई यजमानीणबाईंना ‘मावशी’ म्हणत. हल्लींच्या वृत्तांतांतही ‘माझी तिकडची आई’ असे शब्द सर्रास येतात. परंतु नात्याचा शब्द हा मराठींत मायेचा असतो तसा जबाबदारीचाही असतो. मावशी म्हटली कीं तिच्या दुखण्याखुपण्याची चौकशी आली, पत्राला उत्तर आलें, तिच्या मुलींचीं लग्नकार्यें आलीं. हें नातें दोन्ही बाजूंनीं कसें पाळलें गेलें, याची खूण अमेरिकेंतील पकिप्सी गांवीं आहे. १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास आनंदीबाई वारल्या. त्यांच्या अस्थि कारपेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि त्या कुटुंबानें आपल्या घराण्याच्या दफनभूमींत त्यांना जागा दिली. नात्याच्या शब्दाचा एवढा अर्थ प्रत्येकानें निभवावा अशी अपेक्षा नाहीं. पण सहा आठवड्यांनीं जो शब्द आपण सोडून देणार, तो लिहितांना लेखणी थोडी अडखळली पाहिजे.

शिक्षक आणि परकें गांव या विषयावर मराठींत लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत श्रेष्ठ कोणतें, असें विचारलें तर आम्ही व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चें (१९५५) नांव घेऊं. ती कादंबरी आहे आणि तिच्यांतील मास्तर पगारी आहे, तेव्हां तुलना ताणलेली वाटेल. परंतु औंध संस्थानांतील त्या धनगरांच्या वस्तीवर पाऊल टाकणाऱ्या पोरसवदा मास्तराला तें गांव परदेशाइतकेंच परकें आहे. मुलें मेंढरांमागें रानांत गेलेलीं, शाळा ओस, आणि कारभाऱ्याच्या मर्जीशिवाय पान हालत नाहीं. मास्तर तेथें टिकतो तो अध्यापनशास्त्राच्या बळावर नव्हे. गांवाच्या बारीकसारीक कामांत तो पडतो, लोकांच्या भांडणांत सांपडतो, चुकीचे समज सोसतो, आणि हळूहळू गांव त्याला आपल्यांत ओढून घेतें. तालीम बांधण्याचा उद्योग गांव आणि मास्तर मिळून करतात, आणि राजेसाहेब ती पाहावयास येतात; येथें साधारण लेखकानें पुस्तक संपविलें असतें. माडगूळकर तेथें थांबत नाहींत. पुढें कारभारी जातो, दुष्काळ येतो, माणसें मेंढरें घेऊन देशोधडीला लागतात, आणि वस्ती उठते. सेवाप्रवासाच्या वृत्तांतांत पाहुणा निघून जातो आणि गांव मागें राहतें. येथें गांव निघून जातें आणि मास्तर मागें राहतो. या एका उलटापालटींत जें सत्य आहे तें असें, कीं गांवाचें भवितव्य पावसाच्या, चाऱ्याच्या, धान्याच्या हातीं असतें. त्यांत मास्तराचा वांटा लहान असतो. तो लहान वांटा लहान म्हणून दाखविण्याचें धैर्य या पुस्तकांत आहे. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. ‘बनगरवाडी’तील मोठीं माणसें एकेक वेगळीं उभीं राहतात, मुलें बहुतेक समूहानेंच वावरतात. शाळेची कथा असूनही पाटीवर वाकलेलें एकच एक मूल आपल्या ध्यानांत राहत नाहीं. आपल्या सर्वोत्तम कृतींतही मूल मागच्या रांगेंतच बसलें आहे.

आतां यजमानाकडे वळूं. पाहुण्यांनीं लिहिलेलीं पुस्तकें पुष्कळ; यजमानानें पाहुण्याविषयीं लिहिलेलें पुस्तक शोधावें लागतें. सुदैवानें मराठींत असें एक पुस्तक आहे, आणि तें पहिल्या प्रतीचें आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आपण आत्मचरित्र म्हणून वाचतों. पण तें एका अखंड पाहुणचाराचेंही वृत्त आहे. नारायण वामन टिळकांनीं कोणालाही घरीं घेऊन यावें, खिशांतला पैसा वाटेंत देऊन टाकावा, आणि रात्रीं चूल कशी पेटवावयाची हा प्रश्न लक्ष्मीबाईंनीं सोडवावा, असा तो संसार. पोरकीं मुलें त्या घरांत आलीं आणि घरचींच झालीं. या बाईला शाळेचें शिक्षण नव्हतें म्हटलें तरी चालेल. पण आल्यागेल्या थोरामोठ्यांना ती स्वयंपाकघराच्या दारांतून पाहते, आणि तेथून पाहिलेला माणूस फार खरा दिसतो. तिच्या विनोदाला दंश नाहीं, आणि भाबडेपणाही नाहीं. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर हल्लीं किती घरांतून पाहुण्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था होते! पाहुणा सकाळीं उठून मुलांना गाणीं शिकवावयास जातो, तेव्हां त्याच्यासाठीं पहांटे उठलेली एक बाई भाकरी थापीत असते. त्याच्या सेवेचा वृत्तांत निघतो. तिच्या श्रमाला आदरातिथ्य म्हणून एक परिच्छेद मिळतो. तिनें आपली लेखणी उचलली तर पाहुण्याविषयीं ती काय लिहील? ही आमची दुसरी कसोटी आहे. वृत्तांत लिहिणाऱ्यानें प्रत्येक पानावर स्वतःला विचारावें, कीं हें पान यजमानीणबाईंना मराठींत वाचून दाखवावयाची माझी तयारी आहे काय?

यावर असा आक्षेप येईल, कीं थोडे दिवस राहणाऱ्याकडून आपण फार मागत आहों. सर्वांनाच जन्मभर राहतां येत नाहीं. आक्षेप रास्त आहे. राहणाऱ्यांचीं उदाहरणें आपल्यासमोर आहेत. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६१ सालीं भारतांत आल्या, पुढें फलटण हें त्यांचें गांव झालें, १९७८ सालीं त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें. त्यांच्या कार्याचा क्रम लक्षांत घ्यावा. जाई निंबकर यांच्यासह त्यांनीं मराठीच्या व्याकरणाचा ग्रंथ सिद्ध केला तो १९७५ सालीं. प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली १९८४ सालीं, आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली १९८६ सालीं. प्रथम भाषा, मग शाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनींही १९४५ नंतर बोर्डीस आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर हाच विवेक निराळ्या रीतीनें दाखविला. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळा त्याच्या आंगणांत नेली. आंगणवाडी हा शब्द सरकारी योजनेंत रुळल्यामुळें त्यांतील नाजूक अर्थ आपण विसरलों आहों. आंगण हें यजमानाचें असतें. तेथें जाणारा शिक्षक पाहुणा असतो, आणि घरची बाई दारांत उभी राहून त्याचें शिकविणें पाहूं शकते.

सर्वांना हें साधणार नाहीं, हें कबूल. परंतु अल्पकाळच्या पाहुण्यालाही खरें लिहितां येतें. त्यानें आपल्या अल्पकाळाविषयीं खरें लिहावें, म्हणजे झालें. सहा आठवड्यांत मला एका मुलाच्या बोलींतील दहा शब्द कळले, दोन मुलांचीं नांवें मी शेवटपर्यंत चुकीचीं उच्चारीत होतों, माझ्या जाण्यानंतर त्या वर्गाला कोण शिकविणार हें मीं विचारलें आणि उत्तर समाधानकारक नव्हतें, असा वृत्तांत कोणी लिहिला तर तो आम्ही आदरानें वाचूं. या शेवटच्या प्रश्नाला तर केवळ वाङ्मयीन मोल नाहीं. ज्यांना आईबापांचा आधार नाहीं अशा मुलांकडे दर महिन्यास नवा दादा, नवी ताई येते आणि जाते, तेव्हां मूल पटकन् लळा लावण्याची आणि पटकन् तो तोडण्याची संवय लावून घेतें. कित्येक देशांत तर पाहुण्यांची ही हौस भागविण्यासाठीं आईबाप असलेलीं मुलेंही अनाथालयांत आणून ठेवण्याचा धंदा माजला. हें इतकें वाढलें, कीं २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मुलांच्या हक्कांविषयींच्या ठरावांत अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या अपायांचा उल्लेख केला. गोंडस वृत्तांतांनीं या धंद्याला गिऱ्हाईक पुरविलें, हें विसरून चालणार नाहीं. मुलांचें हसूं छापलें, कीं पुढच्या पाहुण्याची वाट सोपी होते.

तेव्हां या वाङ्मयप्रकाराचा निषेध करावा असें आमचें म्हणणें नाहीं. तरुणांनीं घराबाहेर पडावें, परक्याच्या ताटांत जेवावें, परक्या मुलांपुढें खडू घेऊन उभें राहावें. त्यानें त्यांचें कल्याणच होईल. वहीही जरूर बरोबर न्यावी. मात्र परत आल्यावर ती लगेच छापखान्याकडे पाठवूं नये. वर्षभर थांबावें. तेवढ्या अवधींत यजमानाच्या घरीं चार पत्रें टाकावीं, त्यांचीं उत्तरें वाचावीं, वर्गांतील एका तरी मुलाचें पुढें काय झालें हें समजून घ्यावें. मग वही पुन्हा उघडावी आणि जीं वाक्यें कोणत्याही गांवाला लागू पडतील तीं खोडावीं. कदाचित् फार थोडीं पानें शिल्लक उरतील. तीं छापावीं, आणि त्यांची पहिली प्रत आरे-वाऱ्याला, जेथें भाकरी खाल्ली त्या घरीं, पोंचवावी.